कुरणाचं वेळापत्रक

वसुधाताई खानझोडे शेण मागायला गेल्या, तेव्हा गाडी मी चालवत होते. त्यामुळे पुढे जे काही झालं त्यात माझाही थोडा दोष आहे, असं त्यांचे यजमान अजून म्हणतात.

सप्टेंबर २००७ ची गोष्ट. मॉरिसव्हिलमध्ये आमची घरं समोरासमोर होती. दोघींचे नवरे रिसर्च ट्रायँगल पार्कात कंप्युटरसमोर, आणि आम्ही दोघी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरी करायला बंदी. मी तेहतीस वर्षांची, पुण्याची, दुपारी झोपणारी. त्या चव्वेचाळीस वर्षांच्या, नागपूरच्या, आणि दुपारची झोप हे त्यांच्या मते आजारपण होतं.

नागपुरात त्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. पण भूगोल नावाला. त्यांचं खरं काम म्हणजे शाळेचं वेळापत्रक. चौदा वर्षं त्यांनी ते केलं. एकतीस तुकड्या, सेहेचाळीस शिक्षक, एक प्रयोगशाळा, एक मैदान आणि हार्मोनियम एकच.

"संगीताच्या बाई आणि पीटीचे सर यांचं लग्न ठरलं," त्या मला एकदा सांगत होत्या. "दोघांचा ऑफ तास एकाच वेळी पाहिजे म्हणून माझ्या मागं लागले. मी आणून दिला. मार्चमध्ये लग्न मोडलं, तर दोघं पुन्हा वेगवेगळे करून दिले. एकाही वर्गाला पत्ता लागला नाही, बाप्पा."

अमेरिकेत आल्यावर त्यांच्याकडे वेळापत्रक लावायला उरलं ते फक्त घर. फ्रिजवर एक तक्ता असायचा. त्यात डिशवॉशर, दुधाचा कॅन, यजमान राजेशभाऊजींचे केस कापायची तारीख, सगळं रंगीत पेनांनी. त्या ऑगस्टमध्ये मुलगी आश्लेषा कॉलेजसाठी शार्लटला गेली आणि तक्त्यातली निम्मी घरं रिकामी झाली. वसुधाताईंनी मग मागच्या अंगणात मेथी लावली. आमच्याकडची माती तांबडी आणि चिकट. मेथी उगवायची, दोन दिवस इकडेतिकडे बघायची आणि पिवळी पडायची.

"शेण पाहिजे," त्या म्हणाल्या.

मी त्यांना दुकानात नेलं. तिथं खताच्या पिशव्या होत्या, वर हसऱ्या टोमॅटोचं चित्र. त्यांनी पिशवी उचलून हुंगली आणि परत ठेवली. "वास नाही. वास नाही ते शेण कसलं?"

जॉर्डन लेकच्या पलीकडे, आमच्या घरापासून पंचवीस मिनिटांवर, रस्त्याकडेला एक कुरण होतं आणि त्यात काळ्या गाई दिसायच्या. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथं गेलो. वसुधाताईंनी आईस्क्रीमची रिकामी बादली घेतली होती आणि वाटभर एक इंग्रजी वाक्य घोकलं होतं.

घराच्या व्हरांड्यात एक उंच म्हातारे गृहस्थ बसले होते. गुडघ्याला पट्टा, डोक्याला टोपी. हे वेंडेल. वय चौऱ्याहत्तर. वसुधाताई समोर जाऊन सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, मे आय कलेक्ट युअर डंग?"

त्यांनी टोपी काढली. बादलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"माझं?" त्यांनी विचारलं.

मी पुढे होऊन खुलासा केला. त्यांचे खांदे हलत होते. शेवटी डोळे पुसून म्हणाले, "मॅम, कुरण मोठं आहे. सापडेल तेवढं न्या."

वसुधाताई बादली घेऊन गेल्या त्या तासभर आल्याच नाहीत. मी व्हरांड्यात बसून गोड चहा प्यायले. त्या चहात साखर इतकी होती की चमचा उभा राहिला असता. लांबवर ओढ्याच्या काठी त्यांची जांभळी ओढणी हलताना दिसत होती. परत आल्या तेव्हा बादली भरलेली होती, पण चेहरा वेळापत्रकात दोन वर्ग एका मैदानावर आलेले दिसावेत तसा झाला होता.

"काका," त्या वेंडेलना म्हणाल्या. काका हा शब्द त्यांनी मराठीतच वापरला आणि तो त्या घरात कायमचा राहिला. "तुमचा सगळा वर्ग एकाच बाकावर बसतो."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला भाषांतर करून सांगावं लागलं. शेण सगळं फाटकाजवळच्या ओकच्या झाडाखाली आणि तळ्याच्या काठावर. तिथली जमीन उघडी पडलेली, गवत मुळापर्यंत खाल्लेलं. आणि ओढ्याकडच्या अर्ध्या कुरणात शेणाचा एक पोही नाही, कारण तिथं गाई फिरकतच नाहीत. तिथलं गवत उभं राहून वाळतंय. जिथं खातात तिथंच खत पडतं, जिथं खत पडतं तिथं खायला काही उरत नाही. पुढच्या बाकावरची मुलं दमलेली आणि मागचे बाक रिकामे.

वेंडेलकाकांनी टोपी पुन्हा घातली. "काउंटीच्या शेतीखात्याचा एक माणूस आहे," ते म्हणाले. "दोन वर्षांत तीनदा आला. भिंतीवर चित्रं दाखवली. मला हेच सांगितलं. मला समजलं नव्हतं. आता समजलं."

मग त्यांनी आम्हाला गोठ्यात नेऊन एक खोकं दाखवलं. त्यात विजेच्या कुंपणाची पांढरी दोरी होती, तारा विणलेली. पायाने जमिनीत रोवायचे प्लॅस्टिकचे खुंट होते. आणि उन्हावर चालणारं, दोरीत झटका सोडणारं एक यंत्र. खोकं उघडलेलंच नव्हतं.

"गुडघ्याचं ऑपरेशन झालं की लावणार होतो," काका म्हणाले. "मग दुसरा गुडघाही निघाला."

त्या वर्षी दुष्काळ होता. आमच्या वस्तीत त्याचा अर्थ एवढाच, की अंगणात गाडी धुवायची नाही. पण वेंडेलकाकांकडे उन्हाळ्यात कापून वाळवून ठेवायचं गवत निम्मंच निघालं होतं, आणि विकत घ्यायचं तर कोणाकडेच नव्हतं. एकोणीस गाई, एक वळू आणि वासरं, एवढ्यांना हिवाळा काढायचा होता. शेतीखात्याच्या माणसाने सांगितलेला उपाय असा, की ओढ्याकाठचं अठरा एकरांचं कुरण आत्ताच बंद करायचं. तिथलं गवत कोणी पेरलेलं नव्हतं, काकांच्या वडिलांच्या वेळेपासून आपलं आपण येत होतं, आणि ते थंडीत वाढणाऱ्या जातीचं. फेस्क्यू म्हणतात त्याला. पाऊस थोडा जरी पडला तरी ते हिवाळ्यापर्यंत उभं राहतं, आणि कडाक्याची थंडी पडली की त्यात उलट साखर उतरते. मग नोव्हेंबरपासून ते एकदम न उघडता पट्ट्यापट्ट्याने उघडायचं. एक पट्टा संपला की पुढचा.

"म्हणजे तास," वसुधाताई म्हणाल्या.

त्यांच्या डोळ्यांत जे दिसलं ते मी गेल्या दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

राजेशभाऊजींना ही कल्पना अजिबात आवडली नाही. "अगं, आपला व्हिसा," ते म्हणाले. "काम करायला बंदी आहे."

"पैसे कोण घेऊन राहिलं? मी शेण घेणार."

भाऊजी डेटाबेसचा माणूस. शंका आली की लेखी विचारायची सवय. त्यांनी ओळखीच्या एका वकिलाला ईमेल लिहिली, की पत्नीने हौसेने दुसऱ्याच्या गाई चारल्या आणि घरच्या मेथीपुरतं शेण आणलं, तर व्हिसाला धोका आहे का. तीन दिवसांनी उत्तर आलं. मदत हौसेची असली आणि मोबदला नसला तर हरकत दिसत नाही. मात्र वीस वर्षांच्या वकिलीत हा प्रश्न प्रथमच आला आहे. ते पत्र वसुधाताईंनी प्रिंट काढून फ्रिजवर लावलं.

आणखी एक गोष्ट तिसऱ्या फेरीला झाली. काका आमच्यासमोर टोपी हातात घेऊन म्हणाले, "मिस वसु, एक सांगायला हवं. या दुधाच्या गाई नाहीत. वासरं मोठी झाली की बाजारात जातात. मांसासाठी. तुमच्याकडे गाईचं काय असतं ते मी थोडं ऐकलंय. तुम्हाला यायचं नसेल तर मला वाईट वाटणार नाही."

वसुधाताईंनी कुरणाकडे पाहिलं.

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "दूध काढायचं भांडं कुठं दिसलं नाही. पण काका, जातील तेव्हा जातील. तोवर उपाशी कशाला राहायचं?"

काकांनी आम्हाला पुन्हा तो चहा दिला.

ऑक्टोबरच्या शेवटी चार दिवस पाऊस पडला आणि ओढ्याकाठचं गवत खरंच वर आलं. वसुधाताईंनी मोठा चार्टपेपर आणला. अठरा एकरांचे चोवीस पट्टे, प्रत्येक पट्टा तीन दिवसांचा, म्हणजे बहात्तर दिवस. वीस नोव्हेंबरला पहिला तास, जानेवारीच्या शेवटी शेवटचा.

भाऊजींना राहवलं नाही. बायको एवढं मोठं कोष्टक हाताने करते हे त्यांना व्यवसायाचा अपमान वाटला असावा. त्यांनी शनिवार-रविवार बसून एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिला. बटण दाबलं, की वेळापत्रक तयार. बटण दाबलं. वळू अकरा दिवस तळ्यात होता आणि सातवा पट्टा १९०० साली चरून झाला होता.

"सॉफ्टवेअरमध्ये काही प्रॉब्लेम नाही," भाऊजी म्हणाले. "तुझा डेटा नीट नाही."

"माझा डेटा तळ्यात बुडून राहिला, त्याला आधी बाहेर काढा," वसुधाताई म्हणाल्या आणि रंगीत पेनं घेऊन बसल्या.

पण पहिली चूक त्यांचीच झाली. सगळ्यात लांबचा पट्टा आधी उघडायचा असं त्यांनी ठरवलं, कारण मागच्या बाकांकडे नेहमी दुर्लक्ष होतं. गाई लांब गेल्या, पोटभर खाल्लं, त्यांना तहान लागली. ओढा आटलेलाच, पाणी फाटकाकडे. मग एकोणीस गाई, वासरं आणि वळू उरलेल्या तेवीस पट्ट्यांचं उभं गवत तुडवत पाण्याला आले आणि तुडवत परत गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही पोहोचलो, तेव्हा कुरणातून हमरस्ता गेला होता.

वसुधाताई पाच मिनिटं नुसत्या उभ्या होत्या. मला वाटलं आता रडतात. मग म्हणाल्या, "पाण्याच्या तासापासून सुरुवात करायला पाहिजे होती. प्रयोगशाळेचं असंच असते. नळ जिथं, तिथून सुरू." त्यांनी तक्ता उलटा केला. पाण्याजवळचा पट्टा पहिला, मग त्याच्या पुढचा, म्हणजे गाई पाण्याला येतील त्या खाऊन झालेल्या पट्ट्यांवरून. वेंडेलकाकांनी गुडघा धरून खुंट उपटले, मी दोरी गुंडाळली, वसुधाताईंनी ते नवीन ठिकाणी रोवले.

गवत किती उंच असताना गाईंना आत सोडायचं आणि किती राहिलं की बाहेर काढायचं, यावरून थोडे वाद झाले. काका कोल्ड्रिंकचा रिकामा कॅन आडवा ठेवायचे. कॅन दिसायला लागला की पट्टा बदलायची वेळ झाली, असा त्यांना शिकवलेला नियम. वसुधाताईंचं माप वेगळं. आत जाताना गवत दीड वीत, बाहेर पडताना चार बोटं. त्याखाली खाऊ द्यायचं नाही, नाहीतर मुळाला ताकद राहत नाही. काकांनी शिकून घेतलं, पण त्यांची वीत म्हणजे वसुधाताईंच्या वितीपेक्षा दोन इंचांनी मोठी. एकदा तर दोघं पट्ट्यात वाकून एकमेकांचे पंजे मोजत होते आणि गाई मागे उभ्या राहून बघत होत्या. शेवटी ठरलं, की या कुरणात मिस वसुची वीत चालेल.

विजेच्या दोरीला वसुधाताईंनी पहिल्या आठवड्यातच हात लावला. बघत होत्या चालू आहे का. होती. त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो मी लिहू शकत नाही. दुसऱ्या फेरीला त्यांनी पुठ्ठ्याची एक पाटी आणून खुंटाला बांधली. "हात लावू नये." मराठीत. मी म्हटलं, अहो, इथं हे वाचणार कोण? म्हणाल्या, "हात कोणी लावला होता?"

गाईंना नंबर होते, कानात पिवळे बिल्ले. वसुधाताईंना ते पुरेसे वाटेनात. त्यांनी हजेरीची वही केली. वळू दिवसभर सावलीत उभा राहायचा आणि कोणी काम सांगितलं की पाठ फिरवायचा, म्हणून त्याचं नाव हेडसर. बिल्ला चौदाची गाय सगळ्यांच्या पुढे जाऊन दोरीपाशी नाक लावायची आणि बाकीच्यांना मागे ढकलायची. ती सुपरवायझरबाई. काकांना हे शब्द उच्चारता येईनात तेव्हा त्यांनी स्वतःचे उच्चार केले, आणि गाईंना तेही कळायचे.

पट्टा बदलायची वेळ झाली की गाई येतीलच असं नसायचं. मग वसुधाताईंनी काकांच्या गोठ्यातला लोखंडी पाइपचा तुकडा ओकच्या फांदीला टांगला. तीन दिवसांनी एकदा, आम्ही पोहोचलो की त्या पाइपवर पान्याने टोल द्यायच्या आणि लगेच नवा पट्टा उघडायच्या. तिसऱ्या वेळेपासून गाई टोल ऐकला की माना वर करून चालत यायला लागल्या. पाचव्या वेळी पळत आल्या. रांगेत नव्हत्या, पण वसुधाताई म्हणाल्या, आठवी ब यापेक्षा बरी नव्हती.

आता त्या रविवारचं.

रस्त्याच्या पलीकडे एक छोटं पांढरं चर्च होतं. वेंडेलकाका तिथं जायचे, मागच्या बाकावर बसायचे, गुडघ्यामुळे. त्या चर्चची घंटा कित्येक वर्षं बंद होती. मंडळींनी ती दुरुस्त करून घेतली आणि डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी पहिल्यांदा वाजवायची ठरवली. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि गाईंनाही नाही. त्यात आठवडाभर ढग होते, त्यामुळे उन्हावर चालणाऱ्या यंत्रात जोर राहिला नव्हता. आणि तो रविवार नेमका तिसरा दिवस, म्हणजे पट्ट्यात खायला फारसं उरलेलं नव्हतं.

आम्ही साडेदहाला पोहोचलो. कुरण रिकामं होतं. दोरी जमिनीवर, बाहेरचं जुनं फाटक गाईंनी ढकलून सताड उघडलेलं. घंटा वाजत होती.

सगळा वर्ग चर्चच्या अंगणात होता. तिथं हिवाळ्यासाठी खास पेरलेलं कोवळं, हिरवंगार गवत होतं, पाच इंचांचं, अगदी मऊ. गाईंच्या दृष्टीने सगळं बरोबर होतं. टोल पडला, त्या निघाल्या, आणि समोर आजवरचा सगळ्यात चांगला पट्टा. हेडसर जिथं चर्चचं नाव लिहिलं होतं त्या फलकाला अंग घासत होते. सुपरवायझरबाई दारावरचा ख्रिसमसचा हिरवा हार खात होत्या. आतल्या लोकांना गाणं म्हणताना मागून कोणीतरी वेगळ्या सुरात म्हणतंय असं वाटलं होतं म्हणे. वेंडेलकाकांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, बिल्ला चौदा ओळखला आणि डोळे मिटून घेतले.

वसुधाताईंनी आधी पळत जाऊन पाइपवर टोल दिला. एकही मान वर झाली नाही, कारण चर्चची घंटा त्याहून मोठ्याने वाजत होती. घंटेची दोरी ओढायचा मान तिथल्या सगळ्यात वयस्कर गृहस्थांना मिळाला होता, आणि त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे ते मनापासून ओढत होते.

मग वसुधाताई रस्ता ओलांडून गेल्या. राजेशभाऊजींचं कंपनीचं जॅकेट, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, हातात पाना. दारातल्या सुपरवायझरबाईंना एका हाताने बाजूला केलं आणि आत जाऊन, शाळेत तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "स्टॉप द बेल. इट इज नॉट युअर पीरियड."

त्या गृहस्थांना एवढं ऐकू आलं.

घंटा थांबली. सगळं चर्च मागे वळून बघत होतं. वसुधाताईंना तेवढ्यात आपण कुठे आहोत ते उमगलं असावं. त्यांनी पाना पाठीमागे धरला आणि हळू आवाजात "सॉरी, कंटिन्यू" म्हणाल्या. पण पाद्रीबुवा समजूतदार होते. ते म्हणाले, आज आपण सगळे बाहेर जाऊन शेजाऱ्याला मदत करू या.

नंतरचं दृश्य मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. कोट घातलेले पुरुष आणि टोप्या घातलेल्या बायका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हात पसरून उभ्या. दोन गाड्या थांबलेल्या. मी फाटक धरून. वसुधाताईंनी एक नव्हे, दोन पट्टे एकदम उघडले, कारण कोवळ्या गवतावरून उठवायचं तर समोर तसंच काहीतरी पाहिजे. मग ओकखाली उभं राहून पाइपवर टोल द्यायला लागल्या. एक गाय वळली. मग दुसरी. मग सगळ्या, भक्तमंडळींच्या दोन रांगांमधून, डौलात. एका आजींनी मला विचारलं, त्यांना हे कोणी शिकवलं? मी म्हटलं, भूगोलाच्या बाईंनी. हेडसर सगळ्यात शेवटी आले, जणू ते मुळात यायला निघालेच होते.

वेंडेलकाकांना वाईट वाटलं ते चर्चच्या गवताचं. त्यांनी पुढच्या आठवड्यात ते पुन्हा पेरून दिलं. वसुधाताईंना मात्र वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. "दोन पट्टे एका दिवशी गेले," त्या गाडीत म्हणाल्या. "सगळा तक्ता तीन दिवस मागं आला." घरी जाऊन त्यांनी जानेवारी पूर्ण नवा लिहिला, जेवायच्या आधी. चर्चची घंटा त्यानंतर रविवारी फक्त तीनदा वाजायची, आणि वसुधाताईंचे टोल पाच. गाईंना फरक कळला की नाही ते माहीत नाही, पण यंत्राजवळ काकांनी जास्तीची बॅटरी लावली.

जानेवारीच्या मधल्या आठवड्यात, एका गुरुवारी, म्हणजे आम्ही येत नाही अशा दिवशी, काकांनी मोठी झालेली सात वासरं ट्रकमध्ये चढवली. शनिवारी वसुधाताईंनी हजेरी घेतली. सात वेळा उत्तर आलं नाही. म्हणजे उत्तर कधीच येत नसे, पण त्या नाव घेऊन मान वर करून बघायच्या. त्यांनी काकांना काही विचारलं नाही. वहीत त्या सात नावांपुढे लाल पेनाने लिहिलं, "दाखला नेला." मग पट्टा बदलायला गेल्या. त्या दिवशी काकांनी चहात साखर नेहमीपेक्षाही जास्त घातली होती.

गवत सात फेब्रुवारीपर्यंत पुरलं. म्हणजे तक्त्यातल्यापेक्षा आठवडाभर जास्त, कारण जाणारी गेल्यावर खाणारी तोंडं कमी झाली होती. तोवर साठवलेल्या वाळक्या गवताला हात लागला नव्हता, आणि तेवढ्यावर उरलेला हिवाळा निघाला. आजूबाजूच्या दोघातिघांना त्या वर्षी गाई कमी कराव्या लागल्या. वेंडेलकाकांना नाही.

हे शेतीखात्याच्या त्या माणसाच्या कानावर गेलं. त्याने फेब्रुवारीत कुरण बघायला तीस शेतकरी आणले. सगळे उंच, टोप्या घातलेले, हात खिशात. काकांनी वसुधाताईंना पुढे केलं. मला वाटलं घाबरतील. त्यांनी चार्टपेपर गोठ्याच्या भिंतीला चिकटवला, पट्टी घेतली आणि सुरू झाल्या. पाणी कुठं, पहिला तास कुठून, चार बोटं म्हणजे काय, ढगाळ दिवसांत यंत्र तपासायचं. चाळीस मिनिटं. मागे दोघं आपापसांत कुजबुजत होते, त्यांच्याकडे त्यांनी नुसतं पाहिलं. एकाने टोपी काढली.

शेवटी एकाने विचारलं, "मॅम, तुमचा गाईंचा किती वर्षांचा अनुभव?"

"चौदा वर्षं," वसुधाताई म्हणाल्या. "गाईंचा तीन महिने."

मार्चमध्ये त्यांचं काम करायच्या परवानगीचं कार्ड आलं. भाऊजींच्या ग्रीन कार्डच्या अर्जाबरोबर तेही मागितलेलं होतं, पण आम्ही कोणी आशा धरली नव्हती. वसुधाताईंनी शाळेच्या नोकरीसाठी चौकशी केली, तर इथल्या परीक्षा वेगळ्या. मग त्यांना पेपरात एक जाहिरात दिसली. स्कूलबसचे मार्ग आणि वेळा आखायला मदतनीस हवा होता. अर्जात अनुभवाच्या रकान्यात त्यांनी नागपूरची शाळा लिहिली आणि खाली, मी नको म्हणत असताना, एकोणीस गाई. शिफारस म्हणून वेंडेलकाकांचा फोन नंबर.

मुलाखतीत काय झालं ते त्यांनीच सांगितलं. टेबलापलीकडे एक बाई आणि एक गृहस्थ. गृहस्थ अर्ज वाचत वाचत थांबले.

"यात गाईंचं लिहिलंय," ते म्हणाले.

"हो."

"आमच्याकडे मुलं असतात."

"मुलं सोपी," वसुधाताई म्हणाल्या. "मुलं बस खात नाहीत."

मुलाखत घेणाऱ्यांनी काकांना फोन केला. काकांनी काय सांगितलं कोणास ठाऊक, पण फोन अर्धा तास चालला आणि त्या बाई मधूनमधून हसत होत्या म्हणे. जूनमध्ये नोकरी मिळाली.

ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाल्या. पहिल्या पंधरवड्यात वसुधाताईंनी दोन मार्ग एकत्र केले आणि एका बसचा वळसा काढून टाकला. त्या बसमधली मुलं घरी पंचवीस मिनिटं आधी पोहोचायला लागली. मला वाटलं शाबासकी मिळेल. शुक्रवारी त्या आमच्या घरी आल्या, पर्स सोफ्यावर टाकली आणि माझ्या समोर बसल्या.

"अकरा आयांचे फोन आले," त्या म्हणाल्या. "मुलं फार लवकर घरी येऊन राहिली म्हणून. त्यांची दुपारची झोप मोडते."

मी स्वतः नुकतीच उठले होते.

"मग काय करणार?" मी विचारलं.

"काय करणार. एक वळसा परत घालून दिला. पण छोटा." त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "तुझ्या गालावर उशीची घडी उमटली आहे, मीनाक्षी. जा, तोंड धुऊन ये. मी चहा टाकते."